मुलाला पायलट व्हायचंय : सीट आधी ब्लॉक करू की मेडिकल आधी?

विटेकर_मोटारवाला

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

माझं विट्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. थोरल्याने यंदा बारावी सायन्स केलं. फिजिक्स-मॅथ्सला मार्क बरे आहेत, पण इंजिनिअरिंगचं नाव काढलं की तोंड फिरवतो. त्याला पायलट व्हायचंय. आमच्या सात पिढ्यांत विमानात बसलेला माणूस मी एकटा, तेही एकदाच, दिल्लीला.

गेल्या आठवड्यात त्याला घेऊन शहरातल्या एका कौन्सेलरकडे गेलो. भिंतीवर विमान, टेबलावर विमान, चहाच्या कपावर विमान. त्यांचं म्हणणं असं की शुक्रवारपर्यंत चार लाख भरून सीट ब्लॉक करा, मेडिकल वगैरे नंतर होतं, ती नुसती फॉर्मॅलिटी आहे, आणि वर्षभरात लायसन्स हातात. घरी रानाचा एक तुकडा काढायची भाषा सुरू झालीय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

या वाटेने कोणी गेलंय का? सरकारी नियम नक्की काय आहेत? आणि वर्षभरात खरंच होतं का?

डाउनविंड

काका, चार लाख खिशातच राहू द्या. शुक्रवार दर आठवड्याला येतो.

मी सध्या महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये आहे, लॉगबुकात १४२ तास झालेत. माझ्या बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. विद्यार्थी परवाना, म्हणजे एसपीएल, क्लास टू मेडिकलवर मिळतो. त्यासाठी दहावी पास आणि वय १६ पूर्ण असलं की पुरतं. त्याने क्लास टू केलं, पैसे भरले, उडायला लागला. क्लास वनची, म्हणजे कमर्शियल परवान्यासाठीच्या मेडिकलची, तारीख पुढे ढकलत राहिला, शाळेनेही टोकलं नाही. ४० तास झाल्यावर क्लास वनला गेला आणि ऑडिओग्राममध्ये एका कानात खोट निघाली. पुढे पुनर्तपासणी, कानाच्या डॉक्टरांकडे खेपा, सगळं झालं. आता तो वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. आणि कमर्शियल परवाना क्लास वनशिवाय निघतच नाही.

म्हणून क्रम असा धरा. आधी क्लास टू, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) यादीतल्या डॉक्टरांकडे. त्याचा निकाल आला की लगेच क्लास वन. ते दिल्ली, बंगळुरू किंवा जोरहाटच्या हवाई दलाच्या केंद्रात होतं, शिवाय मान्यता मिळालेली काही नागरी केंद्रंही आहेत. ईसीजी, रक्त-लघवी, कान, डोळे, पोटाची सोनोग्राफी, सगळं बघतात. चष्म्याला घाबरू नका, चष्मा लावून नजर हवी तेवढी येत असेल तर चालतं. रंग ओळखता येत नसतील तर मात्र अवघड आहे. त्या ठिपक्यांच्या चकत्या जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच दाखवून आणा, फार तर दोन-तीनशे रुपये जातील.

क्लास वन हातात आलं की पैशाचं बघू. ते आल्याशिवाय एक रुपया नाही.

शंकासूर

हे सगळं ठीक. पण नोकरीचं कोण बोलणार? २०२३ साली डीजीसीएने १,६२२ कमर्शियल परवाने दिले, तो तेव्हाचा उच्चांक होता. यातले सगळे लगेच एअरलाइनमध्ये बसले का? २०० तासवाला पोरगा म्हणजे नुकतं पक्कं लायसन्स मिळालेला ड्रायव्हर. त्याला लगेच शिवनेरी कोण देतं? वर टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनचं ठराविक जातीचं विमान उडवायच्या परवानगीचे, पंधरा-वीस लाख वेगळे. रान विकू नका काका. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

डाउनविंड

शंकासूर, नोकरीच्या मुद्द्याला +१. पण काकांनी नियम विचारलेत, तुम्ही त्यांना थेट बाजारात नेऊन उभं केलंत. दोन्ही बोलू. नियम आधी.

कमर्शियल म्हणजे सीपीएलसाठी वय १८, आणि बारावी फिजिक्स-मॅथ्स घेऊन पास. उड्डाणाचे एकूण २०० तास. त्यातले १०० तास पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्या एकट्याच्या डोक्यावर. त्या शंभरातले २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे लांबच्या पल्ल्याचे, आणि त्यात एक मोठी फेरी ३०० नॉटिकल मैलांची, साधारण ५५५ किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. १० तास इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या उपकरणांच्या आधारे, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात. ५ तास रात्रीचे, त्यात एकट्याने १० टेकऑफ आणि १० लँडिंग.

आता खरी मेख. शंभर पीआयसी तासांपैकी १५ तास अर्ज करण्याआधीच्या सहा महिन्यांत झालेले लागतात. रात्रीची दहा लँडिंगही त्याच सहा महिन्यांतली. चेक राइड, म्हणजे परीक्षेची उड्डाणं, त्याही ताज्याच हव्यात. दिवसाची क्रॉस कंट्री चेक २५० नॉटिकल मैलांची, रात्रीची १२० ची.

आणि आपल्याकडे पाऊस असतो. जून लागला की ढग खाली येतात आणि शिकाऊ मुलं कँटीनमध्ये कॅरम खेळत बसतात. माझे रात्रीचे तास फेब्रुवारी-मार्चमध्ये झाले. जूनच्या आधी उरलेले तास आणि चेक व्हायला हवे होते, तर एक विमान इंजिनच्या कामाला गेलं आणि चेक घेणारे सर रजेवर. ऑक्टोबर उजाडला तोवर माझी रात्रीची लँडिंग सहा महिन्यांच्या बाहेर पडली. पुन्हा उडा, पुन्हा पैसे भरा. वर्षभरात लायसन्स म्हणणाऱ्या कौन्सेलरला विचारा, पावसाळा कुठे धरलाय? धरून-सोडून दीड ते दोन वर्षं मनात ठेवा.

कॉमर्सवाली_पोर

मध्येच घुसतेय, सॉरी. माझी बारावी कॉमर्सची. मार्ग आहे का?

डाउनविंड

आहे. एनआयओएसमधून (सरकारी मुक्त शाळा) फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय द्यायचे. माझ्या बॅचमध्ये दोघींनी तसंच केलंय. त्यातली एक आता मला मेटिऑरॉलॉजी, म्हणजे हवामानाचा विषय, शिकवते.

निवृत्त_टॉवरवाला

धागा आवडला. मी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच शिकाऊ विमानं जिथे उडतात अशा ठिकाणी. तासांचा हिशेब डाउनविंडने नीट मांडलाय. मी परीक्षेच्या बाजूचं थोडं सांगतो.

लेखी विषय पाच : नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकताय त्याचं टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के. रेडिओवर बोलायचा परवाना, आरटीआर, वेगळा. त्याआधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएकडचा परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो, तो मिळाल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही.

एअर रेग्युलेशन हा पाठांतराचा विषय म्हणून मुलं नाक मुरडतात. बहुतेक सगळे प्रश्न आकड्यांचे असतात. नजरेवर उडायचं तर दृश्यता ५ किलोमीटर, ढगापासून आडवं अंतर १,५०० मीटर, उभं ३०० मीटर. सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी नजरेवरचं उड्डाण बंद. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. वाटा छेदत असतील तर जो तुमच्या उजव्या हाताला दिसतो त्याला वाट द्यायची. पूर्वेकडे, म्हणजे चुंबकीय ० ते १७९ अंशांत जाताना उंचीचा हजाराचा आकडा विषम, पश्चिमेकडे सम. नजरेवर उडणारा त्यात पाचशे फूट मिळवतो. घोकून होतं सगळं. पण हे कशासाठी असतं ते सांगतो.

एका नोव्हेंबरात संध्याकाळी चार-साडेचारला एक पोरगा सोलोवर, म्हणजे एकटाच उडायला, गेला होता. सेसना १७२. परत येताना त्याचा आवाज तुटला, मग बंदच झाला. रडारवाल्यांचा फोन आला की ट्रान्सपाँडरवर (विमानातून रडारला आकडी खूण पाठवणारं यंत्र) ७६०० आलंय. म्हणजे रेडिओ गेला. टॉवरमध्ये एक सिग्नल लॅम्प असतो, बंदुकीसारखा हातात धरून विमानावर रोखायचा. वर्षानुवर्षं तो खुंटीवर नुसता लटकलेला असतो. मी तो काढला, पुसला. पोरगा डाउनविंडवर आला (धाग्यातला नव्हे, उतरण्याआधीच्या फेरीतला रनवेला समांतर टप्पा) तेव्हा रनवेवर दुसरं विमान होतं, म्हणून त्याला स्थिर लाल दाखवला. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा. त्याने पंख हलवले. दिवसा कळलं म्हणून सांगायची खूण ती. माझ्या सहकाऱ्याने टेबलावर थाप मारली, "कळलं रे पोराला!" एक फेरी मारून आला, मग स्थिर हिरवा दिला. उतरला.

वर टॉवरमध्ये सही करायला आला तेव्हा गुडघे लटपटत होते. मला म्हणाला, "सर, ते पान परवाच वाचलं होतं. नाहीतर मी लाल दिवा म्हणजे रनवे बंद समजून दुसरीकडे निघालो असतो." विमानतळ धोकादायक, उतरू नका, याचा लाल लुकलुकता असतो. स्थिर आणि लुकलुकता, फरक तेवढाच. आणि त्याच्या टाकीत दुसरीकडे जाण्याइतकं इंधन जेमतेम होतं.

पॉपकॉर्न_घेऊन

काका, असे अजून दहा किस्से लिहा. वाचनखूण साठवली.

शंकासूर

टॉवरवाले काका, मानलं. या धाग्यावर पहिल्यांदाच गप्प बसतोय.

वकीलकाकू

गप्प बसणं शंकासूरांना मानवणार नाही, बघा.

कायद्याचं थोडं. १९३४ चा विमान कायदा आता गेला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. शिकणाऱ्यांच्या दृष्टीने त्यातला मोठा बदल आरटीआरचा. आधी ती परीक्षा आणि प्रमाणपत्र दूरसंचार खात्याकडे होतं, नव्या कायद्याने ते डीजीसीएकडे आणलं. त्यामुळे जुन्या यूट्यूब व्हिडिओत सांगितलेली पद्धत जशीच्या तशी धरू नका. तसंच, परवान्याची मुदत पाच वर्षं असं अजून बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती दहा वर्षं आहे. मेडिकल मात्र चालू ठेवावंच लागतं, ते संपलं की परवाना असून उडता येत नाही.

आता विटेकर भाऊंच्या चार लाखांबद्दल. कौन्सेलर हा कोणी नियमातला माणूस नाही, तो दलाल. मान्यता असते ती फ्लाइंग स्कूलला, आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. शाळांची श्रेणीही आता डीजीसीए वर्षातून दोनदा लावतं, तीही बघा. पैसे द्यायचे तर शाळेच्या खात्यात, पावतीसह, हप्त्याने, झालेल्या तासांच्या प्रमाणात. करारात तीन गोष्टी शोधा. मेडिकलमध्ये अपात्र ठरला तर किती परत? शाळा बंद पडली किंवा तिची मान्यता निलंबित झाली तर काय? इंधनाचा भाव वाढला तर फरक कोणी भरायचा? यांची उत्तरं तोंडी मिळाली तर समजा मिळालीच नाहीत.

सातासमुद्रापार

मी न्यूझीलंडला शिकून आलो. तिकडे हवा चांगली, विमानं भरपूर, तास पटापट होतात हे खरं. पण परत आल्यावर खरी परेड सुरू होते. तिथला परवाना इकडे बदलून घ्यायला रेग्युलेशनचा पेपर आणि नॅव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित पेपर इथेच द्यावा लागतो. तिथल्या प्राधिकरणाने परवान्याची पडताळणी करून इकडे कळवावं लागतं, चेक राइडही होतात. माझे यात सात महिने गेले.

अजून एक. युरोपातल्या काही एकत्रित कोर्समध्ये दीडशेच्या आसपास तासांत परवाना मिळतो आणि त्यात पीआयसी तास शंभरपेक्षा कमी असतात. त्यांच्या नियमाने ते बरोबर आहे. आपल्याकडे २०० आणि १०० लागतात. म्हणजे परत येऊन कमी पडलेले तास पुन्हा पैसे घालून उडा. जाण्याआधीच आपल्या नियमाची पट्टी लावून बघा.

विटेकर_मोटारवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. चार लाख भरले नाहीत. शुक्रवारी कौन्सेलरचे सहा फोन आले, सातवा मी उचलला आणि मुलाचं क्लास वन झाल्यावर बोलू म्हटलं. त्यानंतर फोन नाही.

एक शंका आहे. मुलाच्या ओळखीचा एक जण म्हणतो की तासांचं टेन्शन घेऊ नका, थोडं इकडेतिकडे होतं. म्हणजे काय?

डाउनविंड

म्हणजे पार्कर पेनचे तास, काका. विमान जमिनीवर आणि पेन हवेत. आमच्यात ही जुनी चेष्टा आहे.

साधं उदाहरण देतो. उड्डाणाचा वेळ विमान टेकऑफसाठी जागेवरून हललं तेव्हापासून ते शेवटी थांबेपर्यंत मोजतात. आम्ही तो तासाच्या दशांशात लिहितो, म्हणजे सहा मिनिटांचा एक दशांश. ५४ मिनिटं उडालात तर ०.९. मी एके ठिकाणी असताना (ती जागा सोडली, नाव विचारू नका) मला सांगण्यात आलं, "एक पॉइंट दोन टाक, सगळेच टाकतात." अठरा मिनिटं फुकट. पन्नास सॉर्टी, म्हणजे उड्डाणं, अशी लिहिली तर पंधरा तास कागदावर झाले, आणि पंधरा तासांचे पैसे वाचले. मोह होतो, खोटं कशाला सांगू.

निवृत्त_टॉवरवाला

आणि पकडलं जातं. विमानाचं स्वतःचं लॉगबुक असतं. शाळेत कोणाला कितीला सोडलं त्याची नोंद असते. आमच्या टॉवरच्या नोंदीत उडाल्याची आणि उतरल्याची वेळ मिनिटापर्यंत असते. पेट्रोल किती भरलं त्याची पावती असते. चार वह्या शेजारी ठेवल्या की पाचवी खोटी कुठली ते दिसतं.

२०११ आठवतं का कोणाला? त्या वर्षी जानेवारीत गोव्याला एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरलं. चौकशी करता करता कॅप्टनच्या परवान्यामागची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभर परवाने तपासायला घेतले, आणखी लोक सापडले. त्याच सुमारास राजस्थानात न उडता लिहिलेल्या तासांचं प्रकरण लाचलुचपतवाल्यांनी बाहेर काढलं.

विटेकर_मोटारवाला

हे मला बरोबर कळलं. आमच्याकडे पंप येतो, गिऱ्हाईक म्हणतं दोन महिनेच चाललाय. मी बेअरिंग बघतो.

डाउनविंड

बेअरिंग, अगदी तेच.

धागा भरकटायच्या आत एक राहिलेलं सांगतो. पोराला आतापासून सवय लावा. फ्लाइंगच्या आधी ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकावं लागतं आणि आकडा ०.००० च हवा. उड्डाणाच्या आधीचे १२ तास दारूचा थेंब चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण २०२३ पासून नियमात माउथवॉश आणि टूथ जेलही नावानिशी आलेत, अल्कोहोल असलेलं काहीही वापरायचं नाही. आमच्याकडे एकाने सर्दीसाठी आईने दिलेलं कफ सिरप रात्री घेतलं, सकाळी सहाला पुन्हा दोन झाकणं घेतली आणि तसाच नळीत फुंकला. दारू आयुष्यात न चाखलेला पोरगा. वीस मिनिटांनी दुसऱ्यांदा फुंकला तेव्हा शून्य आलं, पण ती वीस मिनिटं त्याचा चेहरा बघवत नव्हता. नोकरीतल्या पायलटचा परवाना पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी तीन वर्षं निलंबित होतो आणि तिसऱ्यांदा रद्दच. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायचं, नाहीतर घरची हळद-दूध बरी.

शंकासूर

परत आलो. (वकीलकाकू, तुम्ही जिंकलात.) काका, पैशाचं गणित एकदा कागदावर मांडा. परवान्यापर्यंत पन्नास लाखांच्या पुढे, वर मल्टी इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मग टाइप रेटिंग. त्यानंतर नोकरी लागेपर्यंत मेडिकल आणि रेटिंग चालू ठेवायचा खर्च. हे सगळं झेपत असेल आणि दोन वर्षं बिननोकरीची सोसता येत असतील, तर माझा विरोध नाही. आणि आधी इथे बसून लेखी पेपर काढू दे त्याला. पाचातले चार निघाले तर पोराला गांभीर्य आहे समजा. पेपरची फी रानाच्या तुकड्याएवढी नसते.

डाउनविंड

शंकासूरशी शब्दशः सहमत. तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

विटेकर_मोटारवाला

तीन महिन्यांनी धागा वर काढतोय.

क्लास टू झालं. क्लास वनसाठी बंगळुरूला जाऊन आलो, दोन दिवस राहिलो, फिट आला. एसटीत बसल्यावर पोरगं झोपलं, मी मात्र तो कागद तीनदा वाचला.

कॉम्प्युटर नंबरला मात्र घोळ झाला. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी. तिथवर ठीक होतं. पण दाखल्यावर माझं नाव 'सो' वर संपतं आणि आधारवर 'साहेब' वर. आमच्याकडे निम्म्या गावाचं असं आहे. अर्ज परत आला. मग एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, बोर्डाकडून पडताळणी झाली, आता नंबर आलाय. पुढच्यांनी हे आधीच तपासा, आमचा दीड महिना यात गेला.

रान विकलेलं नाही. नॅव्हिगेशन आणि रेग्युलेशनचे फॉर्म भरलेत. टॉवरवाल्या काकांचे दिव्यांचे रंग फ्रिजवर चिकटवलेत. काल रात्री जेवताना पोराने विचारलं, विट्याहून नागपूरला निघालं तर उंची सम घ्यायची की विषम? मी भाकरी मोडत गप्प बसलो. त्याची आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "पूर्वेला विषम. आणि नजरेवर उडवत असशील तर वर पाचशे."